शोधगंगा : पीएच.डी.चे प्रबंध घरबसल्या वाचण्याची सोय

मुंबईत राहणाऱ्या, वाचनाची आवड असलेल्या, पण कोणत्याही विद्यापीठाचे ओळखपत्र जवळ नसलेल्या माणसाला गंभीर संशोधन मुळातून वाचायचे असेल, तर आजमितीस ‘शोधगंगा’ या संकेतस्थळाइतकी उपयुक्त सेवा दुसरी नाही, असे माझे अनेक वर्षांच्या वापरानंतर बनलेले मत आहे. पूर्वी मुंबई विद्यापीठाचा एखादा प्रबंध पाहायचा, तर ग्रंथालय गाठावे लागे, परवानगी काढावी लागे आणि तिथेच बसून टिपणे घ्यावी लागत, कारण प्रबंध घरी नेण्यासाठी मिळत नसे. दुसऱ्या राज्यातील विद्यापीठाचा प्रबंध तर सामान्य वाचकाच्या दृष्टीने जवळजवळ नसल्यातच जमा होता. आज तोच प्रबंध बोरिवलीच्या किंवा परळच्या घरात बसून, रात्रीच्या निवांत वेळी, प्रकरणवार उघडून वाचता येतो.

गांधीनगर येथील इन्फ्लिबनेट हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे आंतरविद्यापीठीय केंद्र ही सेवा चालवते. आयोगाने २००९ साली एम.फिल. आणि पीएच.डी. पदव्यांसाठी जी नियमावली काढली, तिच्यात प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सादर करण्याची तरतूद होती, आणि त्यामुळे देशभरच्या विद्यापीठांतील प्रबंध एका ठिकाणी जमा होऊ लागले. ही संख्या आता पाच लाखांच्या पुढे गेली आहे. चालू संशोधनाचे आराखडे पाहायचे असतील, तर ‘शोधगंगोत्री’ नावाचा स्वतंत्र विभाग आहे. वाचण्यासाठी वर्गणी भरावी लागत नाही, आणि श्रेय देऊन, व्यापारी हेतू न ठेवता मजकूर वापरण्याची मुभाही परवान्यात दिलेली आहे.

एखाद्या प्रबंधाच्या नोंदीचे पान उघडले, की वरच्या भागात शीर्षक, संशोधकाचे आणि मार्गदर्शकाचे नाव, विद्यापीठ, विभाग, प्रबंध पूर्ण झाल्याचे साल आणि बहुतेक वेळा गोषवारा दिसतो. त्याखाली फाइलींची यादी असते. संपूर्ण प्रबंध एकाच फाइलीत क्वचितच मिळतो. मुखपृष्ठ, प्रमाणपत्र, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका, मग एकेक प्रकरण, संदर्भसूची आणि परिशिष्टे असे सगळे क्रमांक दिलेल्या वेगवेगळ्या फाइलींत विभागलेले असते, आणि अनेक नोंदींच्या शेवटी ८० क्रमांकाची जी फाइल असते तिच्यात बहुधा मुखपृष्ठ आणि निष्कर्षाचे प्रकरण एकत्र दिलेले असते. घाईत असलेल्या वाचकाने ती फाइल आधी उघडावी. मी स्वतः मात्र आधी परिशिष्टे उघडतो, कारण संशोधकाने प्रत्यक्षात कशाला हात घातला होता ते तिथेच समजते. समाजशास्त्राच्या प्रबंधात तिथे मराठीत छापलेली प्रश्नावली असते, रसायनशास्त्राच्या प्रबंधात वर्णपटांच्या आलेखांची पानेच्या पाने असतात, वनस्पतिशास्त्रात वाळवून जतन केलेल्या नमुन्यांची छायाचित्रे असतात आणि इतिहासात जुन्या पत्रांच्या व आदेशांच्या नकला असतात. विद्याशाखा एकमेकींपासून किती भिन्न आहेत, याची जाणीव विषयांची यादी वाचून होत नाही, इतकी ही परिशिष्टे शेजारी शेजारी ठेवून होते, कारण प्रत्येक शाखा पुरावा कशाला म्हणते ते तिथे उघडपणे मांडलेले असते.

म्हणूनच या सेवेची ताकद पाहायची असेल, तर एखादा विभाग निवडून त्यातले प्रबंध चाळत बसण्यापेक्षा एकच शब्द घेऊन सगळ्या विद्याशाखांत एकदम शोध घ्यावा. मुंबईकराला सहज सुचणारा शब्द म्हणजे गिरणी. ‘कॉटन मिल’ किंवा ‘टेक्स्टाइल मिल’ हे शब्द रोमन लिपीत घालून शोध घेतला, की समोर येणाऱ्या यादीत इतिहास, अर्थशास्त्र, समाजशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, पर्यावरणविज्ञान, व्यवस्थापन आणि वाणिज्य असे विषय एकमेकांत मिसळून येतात. पहिल्यांदा ही सरमिसळ गोंधळाची वाटते. थोडा धीर धरून त्यातले वेगवेगळ्या शाखांचे काही प्रबंध लागोपाठ वाचले, की तीच सरमिसळ या संग्रहाचे सर्वांत मोठे देणे वाटू लागते.

इतिहासाचा अभ्यासक १८५४ साली कावसजी दावर यांनी ताडदेवला उभारायला घेतलेल्या गिरणीपासून सुरुवात करतो आणि १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली पुकारलेल्या, सुमारे अडीच लाख कामगारांच्या संपापर्यंत येतो. त्याचा पुरावा कागदाचा असतो : राज्य पुराभिलेखागारातील दप्तरे, कारखाना आयोगांचे अहवाल, मालक संघटनेची इतिवृत्ते, वर्तमानपत्रांचे जुने अंक. कागद मुख्यतः मालकांनी आणि सरकारने जपून ठेवले असल्यामुळे कामगारांचा आवाज त्यात मंद ऐकू येतो, आणि चांगला इतिहासकार ही अडचण पहिल्याच प्रकरणात मान्य करून मौखिक इतिहासाकडे वळतो. नगररचनेच्या अंगाने लिहिणाऱ्याला हीच गिरणी जमिनीचा तुकडा म्हणून दिसते. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील गिरण्यांच्या जमिनींविषयीचा ५८ वा नियम, २००१ साली त्यात झालेला बदल आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिलेला निकाल यांचा त्यात कीस काढलेला असतो, आणि गिरणीच्या जमिनीचा एक वाटा शहराला, एक परवडणाऱ्या घरांना आणि एक मालकाला अशी मूळ कल्पना त्या बदलाने कशी आकसली, हे नकाशांसह दाखवलेले असते. परळ-लालबागमधील आजचे टॉवर पाहून ज्यांना प्रश्न पडतात त्यांनी या प्रकारचे प्रबंध जरूर वाचावेत.

शरीरक्रियाशास्त्राच्या किंवा व्यावसायिक आरोग्याच्या अंगाने लिहिलेल्या संशोधनात गिरणी म्हणजे कापसाची धूळ. या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतलेल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होणे हे त्याचे ओळखीचे लक्षण आहे. इथे पुरावा मोजणीचा असतो : पाळी सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर कामगाराने यंत्रात जोराने फुंकलेल्या श्वासाचे आकडे, कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले त्याची नोंद, विडी ओढणाऱ्यांचा वेगळा गट, आणि धुळीशी संबंध नसलेल्या लोकांचा तुलनेसाठी घेतलेला गट. विडी ओढणारे वेगळे काढले नाहीत, तर दोष धुळीचा की धुराचा हे सांगता येणार नाही, हा साधा पण निर्णायक विचार अशा अभ्यासात पायरीपायरीने उलगडलेला असतो.

सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रबंधांत कामगार दिसत नाही. तिथे नाला दिसतो. कापड रंगवण्यासाठी वापरलेले अॅझो रंग सांडपाण्यात उतरतात आणि त्यांच्या रेणूमधील दोन नायट्रोजन अणूंचा बंध सहजासहजी तुटत नाही. हा बंध तोडू शकणारे जिवाणू शोधण्याचे काम आपल्या देशातील कितीतरी प्रयोगशाळांनी केले आहे आणि कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विषयावर विशेष भर देऊन संशोधन झाले आहे. या प्रकारच्या प्रबंधांतील एक भाग मला फार आवडतो. रंगीत पाणी जिवाणूंनी नितळ केले, हे पाण्यात प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्राच्या आकड्यांनी सिद्ध झाल्यावर सामान्य माणूस समाधानाने थांबेल, पण जाणता संशोधक तिथे थांबत नाही, कारण रंग नाहीसा होताना तयार होणारे काही पदार्थ मूळ रंगाहून अधिक घातक असू शकतात. म्हणून तो ज्वारीचे किंवा मुगाचे दाणे घेतो, काही दाण्यांना साधे पाणी, काहींना रंगाचे पाणी आणि काहींना जिवाणूंनी शुद्ध केलेले पाणी घालतो, आणि किती दाणे रुजले, मूळ किती वाढले, कोंब किती वाढला हे मोजून तक्त्यात लिहितो. स्वयंपाकघरातला मूठभर मूग इतक्या गंभीर प्रश्नाचा साक्षीदार होतो, आणि तो तक्ता समजायला विज्ञानाची पदवी लागत नाही.

मराठी साहित्याच्या प्रबंधांपर्यंत पोचण्यासाठी वेगळा शोध घ्यावा लागतो, त्याचे कारण पुढे येईल. नारायण सुर्वे किंवा अण्णा भाऊ साठे यांच्यावर झालेल्या संशोधनात गिरणी ही भाषेत, प्रतिमेत आणि शाहिरीच्या चालीत सापडते. इथला पुरावा म्हणजे मजकूर, आणि शाहिरीच्या बाबतीत मजकुराचे मौखिक पाठभेदसुद्धा. वैद्यकीय अभ्यासात कामगाराचे नाव मुद्दाम लपवून त्याला क्रमांक दिला जातो, कारण त्याच्या आजाराची माहिती खासगी आहे. मौखिक इतिहासात त्याच कामगाराची संमती घेऊन त्याचे पूर्ण नाव, गाव आणि चाळीचा पत्ता आदराने नोंदवला जातो, कारण तिथे त्याचे सांगणे हीच साक्ष आहे. दोन्ही पद्धती आपापल्या जागी योग्य आहेत, आणि त्या योग्य का आहेत हे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने इतके स्पष्टपणे दाखवले नव्हते.

विद्याशाखांचे हे वैविध्य पाहायला मुंबईकराला दूर जाण्याची गरज नाही. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झाली, आणि तिच्या सुरुवातीच्या दोन अभ्यासक्रमांपैकी एक कापडाच्या रसायनशास्त्राचा होता, म्हणजे शहराचा उद्योग आणि शहराचे संशोधन यांचे नाते पहिल्यापासूनचे आहे. मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली सुरू झाला आणि १९२४ पासून गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो घडवला. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे काम पाहते, त्यामुळे लोकसंख्याशास्त्राच्या प्रबंधांत लाखो कुटुंबांच्या नोंदींवर आधारलेले विश्लेषण आढळते. तिथे एखाद्या बाईची कहाणी सापडणार नाही, पण पहिल्या बाळंतपणाचे वय, शिक्षण आणि बालमृत्यू यांचा संबंध राज्याराज्यांत कसा बदलतो ते समजेल. महर्षी कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठात १९७४ साली स्त्री-अभ्यासाचे संशोधन केंद्र सुरू झाले, आणि त्या परंपरेतले काम नेमके उलट्या बाजूने, एकेका बाईच्या बोलण्यापासून सुरू होते. अणुशक्तिनगरच्या होमी भाभा राष्ट्रीय संस्थेच्या छत्राखाली अणुभौतिकीपासून कर्करोगाच्या पेशींपर्यंतचे संशोधन येते.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेसारख्या ठिकाणचा शुद्ध गणिताचा प्रबंध मुद्दाम उघडून पाहावा, मग त्यातले एक वाक्यही समजले नाही तरी चालेल. त्यात सर्वेक्षण नाही, उपकरण नाही, नमुना निवड नाही, मुलाखत नाही, आणि पानेही तुलनेने कमी असतात. एक विधान आणि त्याची सिद्धता, त्यावर उभे पुढचे विधान आणि त्याचीही सिद्धता, असा तो चालतो. शेजारी लोकसंख्याशास्त्राचा प्रबंध ठेवला, तर एकात ‘बहुधा’ या शब्दाला जागाच नाही आणि दुसऱ्यात प्रत्येक निष्कर्षापुढे अनिश्चिततेची सीमा आकड्यांत लिहिलेली आहे, हे लक्षात येते. याच संस्थेचे मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र या दोन टोकांच्या मध्ये उभे आहे. मुले अपूर्णांक किंवा दिवसरात्र यांसारख्या गोष्टी कशा समजून घेतात, कुठे अडतात आणि का अडतात, याचा तिथे शोध घेतला जातो. शाळेत शिकवणाऱ्यांनी या विषयावरचे प्रबंध शोधून वाचावेत, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

मत्स्यविज्ञानाविषयी एक सूचना. वेसाव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था कृषी संशोधन परिषदेच्या कक्षेत येते, आणि त्या बाजूचे प्रबंध ‘कृषिकोश’ या वेगळ्या संग्रहात ठेवले जातात. बोंबील, कोळंबी, खाडीतले पाणी अशा विषयांसाठी तिकडेही शोध घ्यावा.

आता उणिवा. पहिली आणि सर्वांत जाचक उणीव शोध घेण्याशी निगडित आहे. प्रबंधांची माहिती प्रत्येक विद्यापीठ आपापल्या परीने भरते, त्यामुळे मराठी प्रबंधाचे शीर्षक कधी देवनागरीत, कधी रोमन लिपीत आणि कधी इंग्रजी अनुवादात नोंदवलेले आढळते, आणि रोमन लिपीतही एकाच शब्दाची दोन-तीन प्रकारची हिज्जे असतात. ‘गिरणी कामगार’ हे शब्द देवनागरीत घालून जे सापडते आणि रोमन लिपीत घालून जे सापडते त्या दोन याद्या वेगळ्या असतात. दोन्ही पाहिल्याखेरीज शोध पुरा झाला असे समजू नये. मार्गदर्शकाचे नाव कधी आडनावाने, कधी आद्याक्षरांनी नोंदवल्यामुळे एकाच प्राध्यापकाखाली झालेले सगळे काम एकत्र पाहणेही कठीण जाते.

दुसरी उणीव मजकुराची. जुने प्रबंध पानांची छायाचित्रे काढून चढवलेले आहेत, त्यामुळे त्यांच्या आत शब्द शोधता येत नाही. संगणकावर टंकलिखित झालेले अनेक मराठी प्रबंध युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये आहेत. पडद्यावर ते स्वच्छ देवनागरीत दिसतात, पण त्यातला एखादा परिच्छेद उचलून दुसरीकडे टाकला, की रोमन अक्षरांची आणि चिन्हांची निरर्थक ओळ उमटते. इंग्रजी प्रबंधांच्या वाचकाला हा त्रास होत नाही. मराठीत झालेले संशोधन या एका तांत्रिक कारणामुळे शोधयंत्रांच्या दृष्टीआड राहते, आणि पुढचा संशोधक ‘या विषयावर पूर्वी काम झालेले नाही’ असे प्रामाणिकपणे लिहून मोकळा होतो, ही मला या सेवेतील सर्वांत खेदाची बाब वाटते.

तिसरा मुद्दा दर्जाचा, आणि त्याचा दोष संकेतस्थळाकडे जात नाही. जे विद्यापीठाने मान्य केले ते इथे येते, त्यामुळे उत्तम, सामान्य आणि निकृष्ट प्रबंध एकाच रांगेत उभे असतात. वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी आयोगाने २०१८ साली स्वतंत्र नियम केले आणि १० टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास टप्प्याटप्प्याने कारवाईची तरतूद केली, पण उसना मजकूर पकडणाऱ्या यंत्रणेला उसना विचार किंवा अपुरा विचार पकडता येत नाही. वाचकाने स्वतःच काही गोष्टी पाहाव्यात. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात नुसती नावे आणि साले रचलेली आहेत, की आधीच्या अभ्यासकांशी काही वाद घातला आहे. नमुना शंभर लोकांचाच का घेतला आणि ते लोक कुठून निवडले, हे सांगितले आहे की नाही. शेवटच्या प्रकरणातील शिफारशी आकड्यांतून निघाल्या आहेत, की त्या अभ्यास न करताही लिहिता आल्या असत्या. शेवटचा प्रश्न विचारला, की बरेच प्रबंध बाजूला पडतात. उरतात ते मात्र अत्यंत वाचनीय असतात, आणि त्यांतील कित्येक कधीच पुस्तकरूपाने आलेले नसतात.

कनिष्ठ महाविद्यालयातील शिक्षक, पत्रकार, अनुवादक, स्थानिक इतिहासाचे अभ्यासक आणि पीएच.डी.ला नाव नोंदवण्याच्या विचारात असलेले विद्यार्थी यांनी ही सेवा नियमितपणे वापरावी. मोबाइलवर लहान पडद्यामुळे तक्ते नीट वाचता येत नाहीत आणि छायाचित्रित पानांच्या फाइली जड असतात, म्हणून शक्यतो संगणकावर वाचावे. वापरलेल्या प्रबंधाचा नोंदक्रमांक आणि कायमस्वरूपी दुवा टिपून ठेवावा, कारण शीर्षकावरून तोच प्रबंध पुन्हा शोधताना वरील हिज्ज्यांची अडचण परत येते.

सुधारणेची सुरुवात गांधीनगरहून व्हायला हवी असे नाही. प्रबंध चढवणारे प्रत्येक विद्यापीठ आपल्या पातळीवर ती करू शकते. मराठी प्रबंधाचे शीर्षक देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत द्यावे, विषयसूचक शब्द दोन्ही भाषांत भरावेत, मजकूर युनिकोडमध्येच स्वीकारावा आणि महाराष्ट्रातील कोणत्याही शाखेच्या प्रबंधाला, मग तो जिवाणूंवरचा असो की बीजगणितावरचा, दोन पानांचा मराठी गोषवारा जोडावा. संशोधकाने तो प्रबंध सादर करतानाच लिहून द्यायचा आहे, आणि त्या वेळी आपल्या विषयाची जितकी पक्की जाण त्याला असते तितकी दुसऱ्या कोणालाही नसते.